१८७५ मध्ये काय काय झालं?

स्पर्धा परीक्षेसाठीच्या सामान्य ज्ञानाच्या जाडजूड पुस्तकात १८७५ हे साल निदान तीन ठिकाणी भेटतं. महाराष्ट्राच्या इतिहासात: दख्खनचे दंगे, सुपे, १२ मे १८७५. अर्थव्यवस्थेत: मुंबईतल्या शेअर दलालांची संघटना, म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार, ९ जुलै १८७५. जगाच्या इतिहासात: इजिप्तच्या खेदिवाने सुएझ कालव्यातले आपले शेअर ब्रिटनला विकले, नोव्हेंबर १८७५. तिन्ही ओळींमध्ये शे-दीडशे पानांचं अंतर असतं. अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणारी मुलं या ओळी पाठ करतात, त्यांवर गुणही मिळवतात, पण या तीन घटना एकमेकींच्या ओळखीच्या असू शकतील, ही शंकासुद्धा त्यांच्या मनात येऊ दिली जात नाही. माझा आक्षेप त्यालाच आहे. एक माहिती दुसरीला जिथे जोडली जाते त्या सांध्यापाशी विचार सुरू होतो, आणि परीक्षा, प्रश्नमंजूषा, मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येणारी ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाची चित्रं, या सगळ्यांतून आपण हे सांधे काढून टाकले आहेत.

हे तीन धागे मागे ओढत गेलं तर आपण अमेरिकेत पोचतो. १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. त्या बंदरांतून गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडला जात असे. ब्रिटनला लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेचा होता. तो थांबताच लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगारांच्या घरी चुली पेटेनाशा झाल्या. (त्याही हलाखीत मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनची बाजू घेतली आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना पत्र लिहिलं. या एका गोष्टीवर स्वतंत्र लेख व्हावा.) लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी मग गुजरात, खानदेश, वऱ्हाडाकडे पाहिलं, आणि हा सगळा कापूस ज्या बंदरातून जाणार होता त्या मुंबईत पैशाचा पूर आला.

त्या पुराचं वर्णन दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या आर्थिक इतिहासावरच्या पुस्तकात सापडतं. कापसाचा भाव इतका चढला की गाद्या-उशा उसवून त्यातला जुना कापूस विकला गेल्याच्या हकिगती आहेत. हातात आलेला पैसा कुठे तरी गुंतवायला हवा, म्हणून रोज नव्या बँका आणि समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. गोविंद नारायण माडगावकर यांचं ‘मुंबईचे वर्णन’ निघालं ते १८६३ मध्ये, म्हणजे या तेजीच्या ऐन मध्यावर. मराठीतलं या शहराचं पहिलं मोठं चरित्र नेमकं तेव्हा यावं हे मला फार बोलकं वाटतं. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली, युद्ध संपल्याची बातमी मुंबईला पोचली, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी ज्यांनी पैसे द्यायचे होते त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. या सगळ्याच्या केंद्रस्थानी असलेले प्रेमचंद रायचंदही कोसळले. पण कोसळण्याआधी, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. जे हातात ठेवलं ते बुडालं, जे देऊन टाकलं ते उभं राहिलं: १८६९ ते १८७८ या काळात बांधलेला, २८० फूट उंचीचा, आईच्या नावाचा राजाबाई टॉवर. या मनोऱ्याबद्दल सर्वांच्या तोंडी असलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. राजाबाईंना दिसत नसे, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचं तर वेळ कळायला हवी, म्हणून मुलाने घड्याळाचे टोले ऐकवणारा मनोरा बांधला. ही आख्यायिका हृद्य आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. खंत एवढीच की ती पाठ असणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या दगडांत गुंतलेला कापूस माहीत असतो.

आता १८७५ च्या तीन ओळींकडे परत येऊ. इजिप्तचा सांधा सर्वांत घट्ट आहे. तिथेही कापूस पिकत होता, तिथेही याच युद्धामुळे सोनं बरसलं, आणि १८६३ मध्ये गादीवर आलेल्या खेदिव इस्माइलने त्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्जं काढली, इमारती उठवल्या, कालव्यावर खर्च केला. भाव उतरले, कर्ज राहिलं. १८६९ मध्ये कालवा खुला झाला आणि सहाच वर्षांत त्यातला वाटा सुमारे चाळीस लाख पौंडांना विकण्याची पाळी आली; १८८२ मध्ये ब्रिटिश फौज देशात शिरली. मुंबईच्या दलालांचा सांधा याहून सैल आहे. तेजीने दलालांची फौज निर्माण केली, मंदीने त्यांना रस्त्यावर आणलं, आणि कधी वडाखाली तर कधी रस्त्याच्या कडेला जमणाऱ्या या लोकांनी दहा वर्षांनी नियम असलेली संघटना केली. आठवणीतल्या त्या घसरणीचा यात काही भाग असणार, पण दहा वर्षांचं अंतर आहे, आणि तेवढं अंतर असलं की ‘त्यामुळेच’ हा शब्द जपून वापरावा.

सुप्याचं प्रकरण याहून अवघड, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. सर्वसाधारणपणे सांगितलं जातं ते असं: अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस पडला, शेतकरी कर्जात बुडाला, म्हणून त्याने सावकारांच्या वह्या जाळल्या. साखळी सुबक आहे, आणि सुबक आहे म्हणूनच तपासली पाहिजे. पुणे आणि नगर जिल्ह्यांचा पूर्व भाग हा काही खानदेश-वऱ्हाडासारखा कापसाचा मुलूख नव्हता. ज्वारी-बाजरीचा, पावसाच्या ओढीचा प्रदेश होता. दंग्यांची ठिणगीही कापसाच्या बाजारात पडलेली नाही. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये एका सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतून लोक जमले. त्यांचा रोख माणसांवर कमी आणि कागदावर जास्त होता: कर्जरोखे, खतं, वह्या मागायच्या आणि पेटवायच्या. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्या लेखी अंगठा उमटवलेला कागद हीच सावकाराची खरी शक्ती होती, आणि नेमकी तीच त्यांनी जाळली.

मग युद्धाचा संबंध नाहीच का? आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो, आणि ती वाट मला त्या सुबक साखळीपेक्षा कितीतरी अधिक शिकवून जाते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेतसाऱ्याची आकारणी केली, तीस वर्षांच्या मुदतीने. ती मुदत संपली १८६६-६७ मध्ये. युद्धाच्या काळात कापूस चढला तसे धान्याचे भावही चढले होते, त्याआधी पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कामावर मजुरीचा पैसा खेळला होता. फेरआकारणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती भरभराट होती, आणि नवा सारा ठिकठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवण्यात आला. तो वसूल होऊ लागला तेव्हा भाव खाली आले होते. म्हणजे दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदराच्या धक्क्यावर अडवलेली जहाजं आणि सुप्यात पेटलेल्या वह्या यांच्यामध्ये कापसाचं बोंड कमी आणि सरकारी तक्त्यातली एक तारीख जास्त आहे. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घालायची, म्हणजे सावकार वर्षानुवर्षं व्याज चढवत बसणार नाही, हा कायद्याचा हेतू. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, थकलेलं व्याज मुद्दलात घालून. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने सावकाराच्या पिळवणुकीवर भरपूर लिहिलं आणि साऱ्याच्या वाढीला मुख्य कारण मानायला नकार दिला. सारा वाढवणारं सरकार आणि आयोग नेमणारं सरकार एकच होतं, हे तो अहवाल वाचताना विसरून चालत नाही. त्यातून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ देणं किती होतं हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो इतिहासाच्या जाणत्या अभ्यासकांकडूनच येतो. जगात कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीला जोडता येते. साखळ्यांचा नाद लागला की माणूस योगायोगाला कारण समजू लागतो, आणि समाजमाध्यमांवर फिरणारे कटाचे सिद्धान्त असेच तर तयार होतात. तीन घटनांचं साल एकच निघालं म्हणून भारावून जाणं हे त्या वाटेवरचं पहिलं पाऊल नव्हे का? आक्षेप खरा आहे. सालांचं जुळणं योगायोगच आहे, हे मी मान्य करतो. तिन्हींच्या मागे उभी असलेली चढ-उताराची लाट मात्र योगायोग नाही. दोहोंतला फरक कळतो तो सांधा हातात घेऊन तपासल्यावर. एक उदाहरण पुरेसं आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली आणि त्याच १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात गेलं. रेल्वे कापसासाठी हवी, असा मँचेस्टरचा आग्रह होता हेही खरं. तेव्हा कापसाची तेजी रेल्वेने वऱ्हाडात नेली, असं वाक्य जिभेवर येतंच. पण थळघाटातून गाडी १८६५ मध्ये वर चढली आणि नागपूरला पोचायला १८६७ उजाडलं. तोवर तेजी संपलीही होती. दोन तारखा शेजारी ठेवल्या आणि वाक्य गळून पडलं. सुट्या माहितीत चूक सापडायला जागाच नसते, कारण ती काही दावाच करत नाही. साखळी दावा करते, म्हणून खोटी ठरवता येते. कटाचे सिद्धान्त पसरतात ते ज्यांना अशी पडताळणी कधी करावी लागली नाही अशांच्यात. सुट्या ओळींवर वाढलेल्या मनासमोर कुणी तयार साखळी ठेवली की त्याला ती तपासायचं हत्यारच ठाऊक नसतं.

सांधा तुटला की काय हरवतं, याचं आणखी एक उदाहरण रविवारच्या सुटीचं. ‘भारतात रविवारची सुटी कोणामुळे मिळाली?’ या प्रश्नाचं ‘नारायण मेघाजी लोखंडे’ हे उत्तर आज घरोघरी पोचलं आहे, आणि लोखंड्यांचं नाव पोचलं याचा मनापासून आनंद आहे. पण इंग्रजी कचेऱ्या त्याआधीपासून रविवार पाळत होत्या. सत्यशोधक विचारांच्या, ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवणाऱ्या लोखंड्यांनी जे मिळवलं ते गिरणी कामगारांसाठी: १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन, त्यात आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सूर्यास्तानंतर काम नको अशा मागण्या, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी मान्य केलेला रविवार. एका ओळीचं उत्तर लोखंड्यांना मोठं करतं असं वाटतं. खरं तर ते त्यांच्या लढ्यातला कष्टकरीच वगळून टाकतं. साहेबाला जी सुटी होती ती साच्यावर उभ्या असलेल्या बाईला नव्हती, हा त्या मागणीचा गाभा आहे. आणि या गिरण्याही आपल्या साखळीबाहेर नाहीत. कापूस तसाच परदेशी पाठवण्यापेक्षा इथेच सूत काढावं, हे शहाणपण मुंबईत १८५४ पासून दिसू लागलं होतं. टाटांच्या घराण्याने १८६५ च्या कोसळण्यात मोठा फटका खाल्ला, आणि त्याच घरातल्या जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात, कापसाच्या शेजारी, एम्प्रेस मिल सुरू केली. मिलचं नाव, तारीख आणि व्हिक्टोरियाचं सम्राज्ञीपद यांची जोडी पाठ असते; ‘नागपूरच का?’ हे सहसा कुणी विचारत नाही.

इतिहासापुरतंच हे खरं असतं तर हा विषय इतिहासाच्या शिक्षकांवर सोडून देता आला असता. पण एकादशीच्या ताटातही हेच आहे. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर, मुख्यतः पोर्तुगिजांच्या हातून, इकडे आली, आणि बटाट्याने आपलं पोर्तुगीज नावही आपल्याला दिलं. रताळं आणि राजगिराही तिकडचेच. साबुदाण्याची गंमत आणखी वेगळी: त्याचं नाव आग्नेय आशियातल्या साबूच्या ताडाचं, पण तमिळनाडूत सेलमच्या परिसरात तो बनतो कसाव्याच्या कंदापासून, जो पुन्हा दक्षिण अमेरिकेतला. नाव एका झाडाचं, पदार्थ दुसऱ्याचा. उपासाला परकं अन्न चालत नाही असं मानणाऱ्या घराने ज्या प्रेमाने हे सगळं आपलं केलं, त्यात भूगोल, वनस्पतिशास्त्र, भाषा आणि धर्म एका वाटीत येतात. शाळेत मात्र ही चार पुस्तकं चार वेगळ्या तासांना उघडली जातात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो न्यायाचा आहे. तलाठी, पोलीस, लिपिक अशा भरत्यांना लाखो उमेदवार बसतात. एका ओळीचा प्रश्न आणि चार पर्याय ही पद्धत निदान सर्वांना सारखी आहे. त्यात कुणाची भाषा शहरी आहे, कुणाचं अक्षर सुंदर आहे, तपासणाऱ्याचा कल कुठे आहे, याला वाव नाही. ज्या मुलीच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही, जिला रानातलं काम आटोपून अभ्यास करायचा आहे, तिच्या हाती हे तुकडेच लागतात, आणि त्यांच्या जोरावर ती नोकरी मिळवते. सांध्यांचा आग्रह धरणं म्हणजे ज्यांच्या घरी गप्पांतून सांधे शिकवले जातात त्यांचा फायदा करून देणं, असं कुणी म्हटलं तर ते उडवून लावता येणार नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२३ पासून वर्णनात्मक करण्याच्या निर्णयाला मुलांनी रस्त्यावर उतरून मुदत मागितली, त्यामागे हीच भीती होती. पण यावर उपाय प्रश्नाचा प्रकार बदलणं हा नाही. प्रश्न कशाबद्दल आहे ते बदलणं हा आहे. चार पर्यायांतही सांधा विचारता येतो. ‘दख्खनचे दंगे कोणत्या साली झाले?’ याऐवजी ‘पुढीलपैकी कोणती घटना दख्खनच्या दंग्यांचं कारण असू शकत नाही?’ असं विचारून एक पर्याय १८७६ च्या दुष्काळाचा ठेवला, तर ज्याला सालं ठाऊक आहेत आणि ती शेजारी ठेवता येतात त्याचंच उत्तर बरोबर येईल. यंत्रच तपासेल, कुणावर अन्याय होणार नाही. कपाट नसलेल्या त्या मुलीला शाळेतच सांधे मिळावेत यासाठी तर हा सगळा आग्रह आहे. श्रीमंत घरात ते तसेही मिळतात.

आणि फोन? सगळं खिशात असताना काही लक्षात तरी का ठेवायचं, असं म्हणणारे माझ्या विरुद्ध बाजूला उभे आहेत आणि त्यांचंही एक ऐकायला हवं: तारखांच्या पाठांतरात बालपणं करपली आहेत. पण फोनला विचारलं तर तो विचारलेल्याचं उत्तर देतो. इंदापूरच्या आकारणीची मुदत आणि अमेरिकेतल्या युद्धाचा शेवट यांच्यात काही आहे का, हा प्रश्न सुचण्यासाठी दोन्ही सालं आधी एकाच डोक्यात एका वेळी असावी लागतात. माहिती कमी करा असं मी म्हणत नाहीच. थोडी अधिकच द्या, पण शेजारी शेजारी ठेवा.

सुरुवात कुठेही करता येईल. मुंबईत हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. कापूस हिरवा नसतो. हे नाव किल्ल्यातल्या त्या मोकळ्या हिरवळीचं, जिथे जहाजावर चढण्याआधी कापसाच्या गाठी रचून ठेवत. पुढे १८४४ मध्ये कापूस बाजार कुलाब्याला गेला, नंतर शिवडीकडे आला, आणि हिरवळीचं नाव बरोबर घेऊन आला. जुन्या हिरवळीच्या जागी आज हॉर्निमन सर्कल आहे. फलाटावरची ती पाटी मराठी शाळेतल्या आठवीच्या वर्गाला दाखवावी आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहावा: इंदापूरच्या साऱ्याची मुदत दहा वर्षं आधी, १८५७ मध्ये संपली असती, तर सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ ला काय झालं असतं?